ठरल्या भावाला गळती

घराचा व्यवहार एका वाक्यावर ठरतो आणि एका वाक्यावर डळमळतो. ठरतो ते वाक्य अगदी साधं असतं: "चला, करून टाकू." डळमळतो ते जरा लांबतं: "तसं आमच्याकडून पक्कंच आहे हो, फक्त घरी जरा बोलणं झालं, आणि..." या 'आणि'नंतर जो आकडा येतो तो आधीच्या आकड्यापेक्षा लहान असतो. घरी बोलणं होऊन आकडा वाढल्याचं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

मी इस्टेट एजंटही नाही आणि वकीलही नाही. खंडाळ्यात राहतो, नोकरीतून मोकळा झालोय आणि आधार कार्डावर पत्ता इथलाच आहे. एवढ्या भांडवलावर माणूस इथे साक्षीदार होऊ शकतो. दस्त नोंदवताना लिहून देणार आणि लिहून घेणार यांची ओळख पटवायला दोन माणसं लागतात. त्यांना खरंच ओळखायची गरज असते असं नाही. चहा एकत्र झालेला असला की पुरे. कॅमेऱ्यासमोर बसायचं, कैद्यासारखा फोटो काढून घ्यायचा, अंगठा टेकवायचा, सही करायची. मग मिसळ. मिसळीचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे असा रिवाज आहे आणि तेवढा मात्र अजून कोणी बदलून मागितलेला नाही.

नोंदणी कार्यालयाच्या या बाकावरून माणसं फार बारकाईने दिसतात. मुंबईचा माणूस, पुण्याचा माणूस, परदेशातून पाच दिवसांच्या रजेवर आलेला माणूस. सगळ्यांना खंडाळ्यात घर हवं असतं. 1998 साली 'गुलाम' चित्रपटातल्या एका गाण्याने आमच्या गावाचं नाव देशभर केलं, 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि तेव्हापासून ज्याच्याकडे चार पैसे आणि एक मोठी गाडी असते त्याला शनिवारी सकाळी इथे येऊन झोपाळ्यावर बसावंसं वाटतं. झोपाळा मिळतो. त्यामागचं घर घ्यावं लागतं, आणि तिथे गोष्टी सुरू होतात.

खंडाळ्यातलं घर दोन ऋतूंत बघता येतं. देणारा ते मे महिन्यात दाखवतो. करवंदं पिकलेली असतात, संध्याकाळी नागफणीकडून वारा येतो, मुंबईहून आलेला माणूस व्हरांड्यात उभा राहून तीन वेळा "वा!" म्हणतो आणि तिसऱ्या 'वा'ला एजंट भाव सांगतो. भिंतींना एप्रिलमध्येच रंग दिलेला असतो. आमच्या गावात एखाद्या बंगल्याला एप्रिलमध्ये रंग लागला की समजायचं, एक तर घरात लग्न आहे किंवा घर विकायचं आहे. आत लग्नाचं कोणी नसेल तर दुसरंच.

मग जून येतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळा-खंडाळ्यात चार हजारांच्या पुढे. अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं. पुण्याच्या माणसाला पाऊस म्हणजे छत्री आणि भजी एवढंच ठाऊक असतं. इथला पाऊस वरून पडतो, आडवा येतो, आणि दोन आठवड्यांनी जमिनीतून वरही चढतो. नव्या रंगावर हॉलच्या भिंतीत आधी एक ठिपका उमटतो, मग महाराष्ट्राचा नकाशा होतो आणि श्रावणापर्यंत अखंड भारत. मे महिन्यात "वा!" म्हणणारे गृहस्थ जुलैत खरेदीखताआधीची शेवटची फेरी मारायला येतात, बादल्यांतून वाट काढत उभे राहतात आणि म्हणतात, "भाव कमी करावा लागेल."

हे गृहस्थ चुकले का? माझ्या मते नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये पहिलीच गोष्ट ही लिहिलेली आहे की घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा जो दोष देणाऱ्याला माहीत आहे तो त्याने सांगितला पाहिजे. एप्रिलचा रंग हा माझ्या हिशेबी कलम 55 वर मारलेला रंग आहे. अशा वेळी घेणारा भाव पाडत नसतो. ज्या घराचा भाव ठरला होता ते घर अस्तित्वातच नव्हतं, एवढंच तो सांगत असतो.

त्याच कलमात घेणाऱ्यालाही एक कर्तव्य दिलेलं आहे. देणाऱ्याच्या हक्काबद्दल त्याला स्वतःला माहीत नसलेली, पण त्या हक्काची किंमत वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर ती त्याने सांगितली पाहिजे. कायदा करणाऱ्यांची माणसाच्या स्वभावावर किती श्रद्धा होती पाहा. "काका, तुमच्या लक्षात आलेलं नाही, पण तुमचा हक्क तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा आपण भाव जरा वाढवू या," असं म्हणणारा घेणारा मी अजून पाहिलेला नाही. दिसला तर त्याच्या दस्तावर मी चारदा सही करीन.

खरी मौज गळक्या घरांत नाहीच. ती कोरड्या घरांत आहे. घर ठणठणीत, सातबारा स्वच्छ, सर्च रिपोर्टात काही नाही, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला एकही हरकत आलेली नाही, आणि तरीही दस्ताच्या चार दिवस आधी घेणाऱ्याच्या घरी 'बोलणं' होतं. या बोलण्यात भाग घेणारी माणसं कधीही समोर येत नाहीत. मे महिन्यात घर बघायला सगळं कुटुंब दोन गाड्या भरून आलेलं असतं. पण नाराज असणारा माणूस नेमका त्या दिवशी आलेला नसतो. सासरे असतात, मोठे बंधू असतात, सॅन होजेला असलेला मुलगा असतो. मुलाने फोनवर म्हटलेलं असतं, "बाबा, टू मच." साडेतेरा हजार किलोमीटरवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सहा फोटो बघून त्याला खंडाळ्यातल्या जमिनीचा दर कळलेला असतो. आणि गंमत म्हणजे या गैरहजर माणसाचं समाधान करणारा आकडा बाबांच्या खिशात तयारच असतो.

दुसरं कारण वास्तूचं. घर पसंत केलं तेव्हा ईशान्य दिशा होतीच, तिथे संडासही होता, आणि मंडळींपैकी दोघांनी तो वापरलाही होता. पण टोकन दिल्यावर वास्तुतज्ज्ञ येतो, होकायंत्र काढतो आणि मान हलवतो. देणारा घाबरून विचारतो, "मग व्यवहार मोडायचा का?" "छे छे, मोडायचा कशाला? उपाय आहे." उपाय चार लाखांचा असतो. संडास जागचा हलत नाही. चार लाख कमी झाले की ईशान्य शुद्ध होते. हाच हिशेब खरा धरला तर दहा लाखांत सबंध पंचांग अनुकूल करून मिळेल.

तिसरं कारण रस्त्याचं, आणि ते मला सगळ्यांत आवडतं. खोपोलीपासून कुसगावपर्यंतच्या 'मिसिंग लिंक'ने द्रुतगती मार्गाचं अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी होतं आणि घाटाचा वळणावळणांचा भाग टळतो. एकदा देणारा म्हणाला, "मिसिंग लिंकमुळे मुंबई जवळ आली, भाव वाढला." घेणारा म्हणाला, "मिसिंग लिंकमुळे गाड्या खंडाळ्याला वळसा घालून जाणार, गाव बाजूला पडणार, भाव उतरला." रस्ता एकच. दोघंही द्रुतगती मार्गानेच आले होते आणि दोघंही वाहतूक कोंडीत दीड तास अडकून आले होते. त्या दिवशी व्यवहार झाला नाही, पण प्रकल्पाची इतकी सखोल चर्चा मी विधानसभेच्या बातम्यांतही ऐकलेली नाही.

मागे फिरण्याच्या बाबतीत खंडाळ्याला तसा इतिहास आहे. बोरघाटातून रेल्वे 1863 साली सुरू झाली तेव्हा एका ठिकाणी डोंगर इतका आडवा आला होता की गाडी थांबवायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी सोय करावी लागली. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत त्याला. पुढे नवे बोगदे झाले आणि ते बंद पडलं, असं रेल्वे म्हणते. माझं मत असं की ते नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर हलवलं गेलं.

त्याच घाटाच्या कंत्राटाची गोष्ट इथल्या प्रत्येक घेणाऱ्याला टोकनच्या पावतीबरोबर छापून द्यायला हवी. काम आधी फेव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होतं. 1859 साली थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर फेव्हिएलने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेलने ते घेतलं. तो त्याच वर्षी इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. मागे राहिली त्याची बायको अ‍ॅलिस. परक्या देशात, डोंगराच्या कुशीत, नवऱ्याने सही केलेलं कंत्राट हातात. परत जायला यापेक्षा सबळ कारण कोणाला मिळणार? तिने कंत्राट आपल्याकडे घेतलं, जाणकार माणसं कामावर नेमली आणि घाट पुरा करून दिला. सही तिची नव्हतीसुद्धा. सॅन होजेच्या मुलाचं कारण देणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं. (या घाटात हजारो मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी मेले. त्यांच्या ठरल्या मजुरीची बाजू मांडायला साक्षीदार म्हणून कोणी बसलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. शब्द पाळल्याची कीर्ती वरच्याला मिळते.)

शब्दाचा विषय निघाला की मराठी माणूस राजा हरिश्चंद्रापर्यंत जातोच. त्याने तर स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी मोजून दिलं. त्याच्यावर पहिला चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी 1908 साली छापखाना काढला तो आमच्या लोणावळ्यात. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे सत्यवचनाचं आमच्या परिसराशी नातं इतपत तरी आहे. हरिश्चंद्राच्या बाबतीत एकच शंका मला नेहमी येते: त्या स्वप्नाला साक्षीदार कोण होते? आजचा वकील असता तर म्हणाला असता, "महाराज, तोंडी करार आहे, सिद्ध करू दे त्यांना."

आणि वकिलाचं तसं बरोबरच असतं. तोंडी करार कायद्याला तत्त्वतः चालतो. तो सिद्ध करता करता माणसाचे केस जातात, ही वेगळी बाब. इंग्लंडात तर दोन्ही बाजूंच्या कराराच्या प्रती एकमेकांना पोचेपर्यंत कोणीच बांधलेला नसतो. त्यामुळे तिथे शेवटच्या दिवशी भाव पाडणं हा जवळजवळ राष्ट्रीय खेळ आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांची पत्रापत्री पुरी झाली की बांधलं जातं, म्हणून तिथले लोक बोलण्याआधी विचार करतात. आपण मधल्या जागी आहोत. आपल्याकडे टोकन असतं. एक लाख एक हजार एकशे अकरा, अशी शुभ रक्कम. वरचा एक रुपया शकुनाचा आणि बाकी विश्वासाची. पाचशेच्या मुद्रांकावर विसार पावती होते, एजंट पेढा देतो, देणाऱ्याची बायको डोळे पुसते.

या टोकनला कायद्यात दातही आहेत. 2012 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं: सत्तर लाखांचं घर, सात लाख विसार, आणि घेणाऱ्याने माघार घेतली. न्यायालयाने देणाऱ्याला सात लाख ठेवू दिले. मात्र हेही स्पष्ट केलं की जप्त होते ती फक्त खरी विसाराची रक्कम, किमतीपोटी दिलेला हप्ता नव्हे. उलट बाजूने, 2018 साली विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून, लेखी करार मोडणाऱ्याकडून तो प्रत्यक्ष पुरा करून मागणं बरंच सोपं झालं आहे. पण भाव पाडणारा माणूस हुशार असतो. तो माघार घेतच नाही. तो म्हणतो, "आम्हाला घर हवंच आहे. फक्त पाच लाख कमी करा." व्यवहार मोडल्याचं पाप तो देणाऱ्याच्या पदरात टाकतो आणि स्वतः दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा.

आणखी एक भानगड असते, जिच्याबद्दल बाकावर बसलेला प्रत्येक जण छताकडे बघतो. 'ठरलेला भाव' म्हणजे नेमका कोणता? कित्येक वर्षं आमच्याकडच्या बंगल्यांचे दोन भाव असत, एक कागदावर आणि एक पिशवीत. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आठ वाजता नोटाबंदी जाहीर झाली आणि पिशवीतला भाव रद्द झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घेणारा म्हणत होता, "काल ठरलं तेच देतो," आणि देणारा म्हणत होता, "नको, नको!" ठरला भाव देण्याचा एवढा आग्रह खंडाळ्याने आधी किंवा नंतर पाहिलेला नाही. खरं तर 2015 पासूनच मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. ज्यांचा शब्दच अर्धा पिशवीत होता त्यांनी शब्द मोडल्याची तक्रार कुठे करायची? माझी साक्ष कागदावरच्या आकड्यापुरतीच आहे आणि मी ती तिथेच ठेवतो. (सरळ मार्गाने जाणाऱ्यांचीही पंचाईत होते. पन्नास लाखांच्या घराला घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो, तो कापला की जुनी मंडळी "आत्ताच भाव पाडलात?" म्हणून उठून उभी राहतात.)

देणारे काही धुतल्या तांदळाचे नसतात. कोरोनाच्या काळात ते चांगलंच दिसलं. 2020 च्या टाळेबंदीत काही जण बंगले मिळेल त्या भावाला काढायला बसले. सप्टेंबरपासून सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, मुंबईकरांना घरूनच काम करायची मुभा मिळाली, आणि ज्यांना घरूनच काम करायचं होतं त्यांना ते घर खंडाळ्यात हवंसं वाटू लागलं. मग टोकन घेतलेल्या देणाऱ्यांच्या घरीही 'बोलणं' सुरू झालं. पुतण्या नाराज, बहिणीची सही बाकी, वडिलांची आठवण अचानक दाटून आलेली. बहिणीची सही आठ लाख वाढले की मिळते, हे ज्ञान तेव्हाचं. तेव्हा तेच घेणारे, ज्यांनी पूर्वी कधी तरी कोणाचा तरी भाव पाडला असेल, छातीवर हात ठेवून विचारत होते: "शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

आता नोंदणी कार्यालयातला एक प्रसंग सांगतो, कारण माझं या विषयावरचं मत त्या बाकावर पक्कं झालं. एक पारशी बाई, ऐंशीच्या घरातल्या, दादरहून आल्या होत्या. वडिलांचा बंगला विकत होत्या. घेणारे एक तरतरीत गृहस्थ, अंगात जाकीट, मे महिना असूनही. आमचा नंबर जवळ आला आणि सर्व्हर बंद पडला. महाराष्ट्रातला कुठलाही करार मोडायला सर्व्हर बंद पडण्याइतकी पोषक वेळ दुसरी नाही. बाईंनी सामान हलवलेलं, माळ्याचा हिशेब चुकता केलेला, दादरला परतायची टॅक्सी खाली उभी. गृहस्थ बाईंच्या शेजारी सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आंटी, बँकेचं व्हॅल्युएशन जरा कमी आलंय. पाच कमी करावे लागतील. आजच करून टाकू, तुम्हाला परत हेलपाटा नको."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"व्हॅल्युएशन कधी आलं, डिकरा?"

"म्हणजे... मागच्याच महिन्यात."

"मग मागच्या महिन्यात का नाय बोलला?"

गृहस्थांनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. सर्व्हर अजून बंदच होता.

"तुझे पाच लाख नको आणि तू पण नको," बाई म्हणाल्या. पर्समधून चेकबुक काढलं, टोकनची रक्कम तिथल्या तिथे लिहून परत केली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी मिसळ खा, पैसे मी देते." रिवाज मोडला तो त्या दिवशी. गृहस्थ जिन्यापर्यंत मागे धावले, पाचाचे तीन केले, तीनाचे दोन, टॅक्सीच्या दारापाशी मूळ भावाला आले. टॅक्सी गेली.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाईंनी तोच बंगला विकला. एजंटकडून आकडा कळला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली: जाकीटवाल्याने पाच कमी केल्यावर जो भाव होता, त्याहून दोन लाखांनी कमी. घेणारं जोडपं चिंचवडचं होतं. ते ऐन जुलैत आले, शिडी मागवून मंगलोरी कौलांखाली डोकावले, इथल्याच एका मिस्त्रीकडून दुरुस्तीचा खर्च लिहून आणला आणि पहिल्याच भेटीत सांगितलं, "बाई, छपराला एवढा खर्च आहे. आमच्याकडे एवढेच आहेत. जमत नसेल तर राग नाही, चहा घेऊन जाऊ." बाईंनी चहा दिला आणि घरही दिलं.

म्हणजे बाईंना पैशांचा प्रश्न नव्हताच. त्यांना राग आला तो त्या महिन्याचा. व्हॅल्युएशनचं कारण खोटं नव्हतं. बँका असं करतात आणि घेणाऱ्याची खरीच अडचण होते. पण ते कारण महिनाभर खिशात ठेवून, समोरच्याने सामान हलवेपर्यंत, माळ्याला निरोप देईपर्यंत थांबून मग बाहेर काढायचं, हा माझ्या मते व्यवहार नव्हे, लूट आहे. रीतसर पावतीची असली तरी. व्हॅल्युएशन आलं त्याच संध्याकाळी फोन केला असता तर ते गृहस्थ आज त्या बंगल्यात असते. मला तर वाटतं, बाईंनी तीन लाख सोडलेही असते.

जुन्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा आणि विसार हातावर पडला की माणूस बदलत नसे. तिथली माणसं सज्जन होती म्हणून हे व्हायचं, असं मला वाटत नाही. पुढच्या बाजारात तीच तोंडं परत बघायची असायची. घर मात्र माणूस आयुष्यात एकदा-दोनदा घेतो. देणारा पुन्हा भेटत नाही, एजंट पुढच्या गिऱ्हाइकामागे लागलेला असतो. लाज वाटायची तर कोणासमोर वाटणार?

पण खंडाळ्यात इथेच फसगत होते. देणारा निघून जातो, गाव राहतं. कोणी कोणाचा शेवटच्या दिवशी किती भाव पाडला ही बातमी घेणाऱ्याचं सामान उतरायच्या आत दूधवाल्यापर्यंत पोचलेली असते. असेच पाच लाख वाचवून इथे आलेले एक शेठ मला ठाऊक आहेत. त्यांना माळी एक दर सांगतो आणि महिनाअखेरीस म्हणतो, "साहेब, घरी बोलणं झालं." प्लंबर अर्धी पाइपलाइन उघडून ठेवतो आणि मग सांगतो की नैर्ऋत्येचं काम वेगळं पडेल. शेठ माझ्याकडे येऊन तक्रार करतात की इथल्या माणसांच्या शब्दाला काही किंमतच नाही. मी त्यांना चहा देतो. गळतीचं काम करणाऱ्याने तर त्यांना जूनच्या बारा तारखेला, ताडपत्री अर्धी काढलेली असताना, नवा आकडा सांगितला. पाचातले किती उरले हे मी विचारलेलं नाही; पण परवा त्यांनी बंगला विकायला काढल्याचं कळलं. एप्रिलमध्ये रंग दिला आहे.

तेव्हा खंडाळ्यात घर घ्यायचं मनात असेल तर मे महिन्यात येऊ नका, करवंदं बाजारातही मिळतात. जुलैत या, शिडी आणि मिस्त्री बरोबर आणा, वास्तुतज्ज्ञालाही आणा, सॅन होजेच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि सासऱ्यांना गाडीतून खाली उतरवा. सगळ्यांचं बोलणं भिजत का होईना, पण तिथेच होऊ द्या. त्यानंतर बँकेचं, कागदाचं, छपराचं काही नवं कळलंच तर त्याच दिवशी मालकाला फोन करा आणि टोकन परत द्यायची मोकळीकही त्याला द्या. भाव पाडायचा तर असा पाडा. नोंदणीच्या बाकावर, समोरच्याची टॅक्सी खाली उभी असताना, एक रुपयाही कमी मागू नका.